पोटॅशिअम का पेटतं

“माझ्या तोंडाकडे बघा,” मी म्हणाले आणि चौथ्यांदा की पाचव्यांदा सुरुवात केली. “लि-थि-अम. सो-डि-अम. पो-टॅ-शि-अम. तिघांच्याही शेवटच्या कवचात एक इलेक्ट्रॉन. एकच.”

नववीची सात मुलं माझ्या तोंडाकडे बघत होती. प्रत्येकाच्या छातीवर श्रवणयंत्राची डबी, तिच्यातून कानाकडे गेलेली वायर. त्या डब्यांतून माझा आवाज त्यांच्यापर्यंत किती पोचत होता कुणास ठाऊक. बहुतेकांना नुसती घरघर येत असावी. बाकी सगळं ओठांवरून.

इचलकरंजीच्या त्या मूकबधिर शाळेत मी विज्ञान शिकवायला लागले त्याला दुसरं वर्ष होतं. मुलांनी ओठ वाचायचे, घशातून आवाज काढून बोलायचं आणि हातवारे करायचे नाहीत, ही शाळेची शिस्त. वर्गात हात बाकावर नाहीतर मागे. प्रशिक्षणातही आम्हाला हेच शिकवलं होतं, आणि ‘पाणी’, ‘आई’, ‘मला भूक लागली’ इथपर्यंत ते बरं चालायचं. इलेक्ट्रॉन संरूपणाच्या धड्यावर मात्र माझी गाडी पुरती रुतली होती. ओठांवर कवच कसं दाखवायचं? केंद्रक कसं दाखवायचं?

फळ्यावर मी गोल काढले होते. लिथिअमचे दोन, सोडिअमचे तीन, पोटॅशिअमचे चार. आत केंद्रक, गोलांवर ठिपके. दोन, एक. दोन, आठ, एक. दोन, आठ, आठ, एक. मुलांनी ते वहीत इतकं सुबक उतरवलं होतं की छापायला द्यावं. आणि समजलं कुणालाच नव्हतं.

मी फळ्यावर लिहिलं, ‘या तिन्ही धातूंत सारखे काय?’ आणि गिरिजाला बोट केलं.

गिरिजा दिवटे पुढे आली. उंच, सडपातळ मुलगी, दोन वेण्या, कपाळावर सतत आठी. तिने फळ्याकडे बराच वेळ बघितलं, खडू घेतला आणि लिहिलं, ‘अम’.

क्षणभर मला कळेना. मग कळलं. लिथिअम, सोडिअम, पोटॅशिअम. तिघांच्या शेवटी माझे ओठ मिटत होते. तिला सारखं दिसलं ते तेवढंच.

आज मला त्याचं हसू येतं. तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं, रागाचं. तीन दिवस घसा कोरडा करून हे फळ! मी ‘अम’ पुसून टाकलं. ती जागेवर गेली नाही. फळ्यावरच्या पोटॅशिअमवर बोट ठेवून तिने माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं आणि “आ... आ?” असा आवाज काढला. मला समजला नाही. तिने पुन्हा काढला. मग वैतागून तिचे दोन्ही हात वर आले, बोटं भराभर हलायला लागली.

“हात!” मी ओरडले.

ओरडणं ऐकू आलं नसलं तरी माझा चेहरा तिला कळला. ती जाऊन बसली आणि तास संपेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

मधल्या सुट्टीत हुपरीकर सरांनी बोलावलं. हुपरीकर सर आमचे मुख्याध्यापक. स्वतः रसायनशास्त्राचे पदवीधर, बाहेरच्या हायस्कुलातली चांगली नोकरी सोडून या शाळेत आलेले. एकेका मुलाला ‘प’ म्हणायला शिकवण्यासाठी तासन् तास त्याच्या तोंडासमोर कागदाची पट्टी धरून बसायचे. मुलाने ‘प’ म्हटला आणि पट्टी हलली की सरांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

“पाटगावकर बाई, दहावीला विज्ञान कोण घेणार ते ठरवायचंय,” ते म्हणाले. “आपल्या मुलांना सवलत आहे. विज्ञानाच्या जागी शरीरशास्त्र-गृहशास्त्राचा सोपा पेपर. सहा जणांचे पालक तयार आहेत. ही दिवट्यांची गिरिजाच तेवढी अडून बसलीय.”

“तिला रंगाच्या लॅबमध्ये काम करायचंय सर.”

ते सरांनाही माहीत होतं. आदल्या वर्षी मुलांना आम्ही कापड रंगवायच्या कारखान्यात नेलं होतं. तिथल्या प्रयोगशाळेत एक मुलगी काचेच्या नळ्यांत रंग मिसळून कापडाच्या चिंध्या बुडवत बसली होती. गिरिजा तिच्यापाशी जी उभी राहिली, ती बस सुटायची वेळ झाली तरी हलेना. त्या कामाला पुढे कोर्स करावा लागतो आणि कोर्सला दहावीचं विज्ञान लागतं, हे तिने कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं आणि तो कागद मला आणून दाखवला होता.

“इच्छा आहे, ठीक आहे,” सर म्हणाले. “पण समजतंय का तिला?”

माझ्या डोळ्यांपुढे ‘अम’ होतं.

“सोमवारी तिच्या वडिलांना बोलावून घ्या. मी स्वतः तिला विचारतो. याच धड्यावर. पाठ केलेलं चालणार नाही. समजून उत्तर दिलं तर विज्ञान, नाहीतर सोपा पेपर आणि वडिलांची सही. नापास होऊन घरी बसण्यापेक्षा ते बरं.”

वाईट हेतू नव्हता त्यांचा. म्हणून तर मला जास्त चीड आली. भांडायला समोर कुणी दुष्ट माणूस तरी हवा होता.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी दिवट्यांकडे गेले. घराला कुलूप होतं. शेजारणीने यंत्रमागाच्या शेडकडे बोट दाखवलं. गिरिजाचे वडील बाळासो दिवटे दुसऱ्याच्या शेडमध्ये माग चालवायचे आणि आई तिथेच सुताच्या कांड्या भरायची. दहावीनंतर गिरिजानेही कांड्या भरायला यायचं, असं घरात धरून चाललेलं होतं.

पत्र्याच्या शेडचं दार ढकललं आणि खडखडाट कानावर आदळला. वीस-पंचवीस माग एकदम चालू. आवाज असा की तो कानात जात नाही, छातीत बसतो. बाळासो समोरच्या रांगेत होते. मी जवळ जाऊन ओरडले, “मी गिरिजाच्या शाळेतली!”

त्यांनी हाताने विचारलं, काय?

“शाळेतली! बाई!”

काय?

मी पुन्हा ओरडले. माझा आवाज मलाच ऐकू येईना. ते हसले, मान हलवली आणि दूर कुठेतरी बघून हात वर करून दोन बोटं वाकवली. शेडच्या दुसऱ्या टोकाला गिरिजा होती. आईला चहा देत होती. ती आली, माझ्यापुढे उभी राहिली आणि माझ्या ओठांकडे बघायला लागली.

मी म्हटलं, “सोमवारी वडिलांना शाळेत बोलावलंय. अकरा वाजता.”

तिने वडिलांकडे वळून हात हलवले. बाळासोंनी उलट काहीतरी केलं, एका हाताने, दुसरा हात मागावर ठेवूनच. तिने पुन्हा केलं. त्यांच्या भुवया वर गेल्या, त्यांनी मागाकडे दाखवलं, छातीवर हात मारला, नाराजीने तोंड वाकडं केलं. मग तीही चिडली, दोघांचे हात एकदम चालायला लागले, आणि मला स्वच्छ कळलं की इथे बापलेकीचं कडाक्याचं भांडण चाललंय, आणि त्यात एक शब्दही अडत नाहीये.

त्या शेडमध्ये सगळेच तसे बोलत होते. धागा तुटला, कांडी संपली, मालक आला, चहा सांग. वर्षानुवर्षं त्या आवाजात काम करून माणसांनी हातांचं बोलणं तयार केलं होतं. बाळासोंनी तेच घरी नेलं होतं आणि मुलीबरोबर वाढवलं होतं. तिथे एकटी मीच अशी होते, जिला काही ऐकू येत नव्हतं आणि काही सांगताही येत नव्हतं.

बाळासो मला दाराबाहेर घेऊन आले. “बाई, सोमवारी खाडा पडंल माझा. येतो. पण तिला पास व्हईल असं काय ते द्या बघा. ते सोडिअम-बिडिअम घिऊन काय करायचंय? उगं हट्ट करतीय.” आणि ते आत गेले. माग फार वेळ सोडून चालत नाही.

गिरिजा आणि मी शेडच्या भिंतीपाशी उरलो. तिथेही पत्रे थरथरत होते. मी वही काढली, पुन्हा तेच गोल काढले आणि सवयीने ओठ हलवायला लागले. तिने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

आणि आजूबाजूला शाळा नव्हती म्हणून असेल, तिने हात वापरले. मीही “हात!” म्हटलं नाही.

सोडिअमच्या गोलावर बोट, मग एक बोट वर. पोटॅशिअमच्या गोलावर बोट, पुन्हा एक बोट वर. दोन्ही बोटं एकमेकांना लावली: सारखे. मी मान डोलावली. हो, सारखे, तेच तर सांगतेय चार दिवस. मग तिने तळहाताचं भांडं केलं आणि त्यात दुसऱ्या हाताचं बोट इकडून तिकडे पळवलं. मला आठवलं. धडा सुरू करताना मी पाण्यावर सोडिअमचा वाटाण्याएवढा तुकडा टाकून दाखवला होता. तो असाच फुसफुसत पळाला होता. नंतर ओळखीच्या कॉलेजातून मागून आणलेला पोटॅशिअमचा कण टाकला होता. तिने तळहातावर पाचही बोटं एकदम उघडली. जांभळट ज्वाळा. तो पाण्याला लागता लागताच पेटला होता.

मग दोन्ही बोटं पुन्हा एकमेकांना लावली, तळवे वर केले, आणि माझ्याकडे बघितलं. तोंडाने म्हणाली, “आ?”

का?

दोघांच्या टोकाला एकच इलेक्ट्रॉन आहे, तर एक नुसता पळतो आणि दुसरा पेटतो, असं का?

हाच तो आवाज होता, वर्गात काढलेला. ‘का’. मी चार दिवस ‘सारखं काय’ हे तिच्या गळी उतरवत होते आणि ते तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. ‘अम’ लिहिलं ते बहुधा माझ्यावर वैतागून. तिचा प्रश्न पुढचा होता, आणि विचारायला तिच्याकडे मला कळेल असं काहीच नव्हतं.

मला काही खाणाखुणा येत नव्हत्या. मी तिचं मनगट धरलं, घट्ट, आणि तिला खुणावलं, सोडव. तिला सुटेना. मग मी दोन पावलं मागे सरले, हात लांब करून नुसती तिच्या बोटांची टोकं धरली. म्हटलं, आता सोडव. तिने हात सहज काढून घेतला. मी वहीतल्या केंद्रकावर बोट ठेवून छातीवर हात ठेवला: ही मी. शेवटच्या ठिपक्यावर बोट ठेवून तिच्याकडे दाखवलं: ही तू.

ती वहीतले गोल मोजायला लागली. सोडिअमचे. मग पोटॅशिअमचे. मधल्या आठांवर बोट फिरवलं आणि माझ्या-तिच्यामध्ये हवेत आडवा हात धरला: हे मध्ये? मी म्हटलं, हो, ते मध्ये येतात. तिची कपाळावरची आठी गेली. मग तिने घशातून असा मोठा आवाज काढला की आत माग चालवणारा एक माणूसही वळला असता, ऐकू आलं असतं तर.

सोमवारी सरांच्या खोलीत आम्ही चौघं होतो. सर, मी, धुतलेला शर्ट घातलेले बाळासो आणि गिरिजा. भिंतीवर मूलद्रव्यांचा तक्ता टांगलेला.

“हात मागे,” सर म्हणाले. गिरिजाने हात मागे बांधले.

“सोडिअम आणि पोटॅशिअम. सारखं काय?”

“ए...क,” गिरिजा म्हणाली. “भाए...”

“बाहेर. शाबास. शेवटच्या कवचात एक. आणि फरक काय?”

तिने तोंड उघडलं. ‘कवच’ म्हणायला गेली, ‘अअच’ झालं. ‘लांब’चं ‘आम’ झालं. पुन्हा म्हटलं. सर मान पुढे करून ऐकत होते, खरंच मन लावून ऐकत होते, पण काही लागेना. तिचे हात मागून सुटले.

“हात मागे.”

“सर, तिला येतंय,” मी म्हटलं. “हातांनी सांगू द्या.”

“बाई, बाहेर दुकानदाराला हात कळत नाहीत. बोर्डाला कळत नाहीत.”

“मग लिहू द्या.”

तिने लिहिलं, ‘इलेक्ट्रॉन लांब. धरत नाही. मध्ये आठ. जातो.’ सरांनी कागद दोनदा वाचला. “कोण धरत नाही? कोण जातो? हे तुम्ही सांगितलेले शब्द आठवून लिहिलेत, बाई. यातून समज दिसत नाही.” त्यांनी कागद बाजूला ठेवला. “दिवटे, सही करून टाका. सोपा पेपर घेऊ.”

टेबलावर हात आपटावासा वाटला. समोर उत्तर उभं होतं आणि खोलीतल्या कुणालाच ते वाचता येत नव्हतं, मलाही धड नाही. गिरिजाने सरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग आमच्या दोघांकडे पाठ केली आणि वडिलांकडे वळून हात हलवायला लागली. रडत रडत.

बाळासो सही करायला वाकले होते ते तसेच थांबले. “थांब, थांब, सावकाश,” ते सवयीने तोंडानेच म्हणाले. मग म्हणाले, “सर, ती कायतरी सांगतीय. सांगू का?”

सरांनी खुर्ची पुढे ओढली.

“ती म्हणतीय... मधी कोणतरी हाय. ते समद्यांस्नी वढून धरतंय. भोवतीनं दोघं बसल्यात. त्यांच्या भायेर आठ. आणि पार भायेर एकटंच एक.” त्यांचे डोळे मुलीच्या हातांवर होते. “दुसऱ्याचं बी तसंच हाय. पण त्येच्यात आणिक आठ जण मधी येऊन बसल्यात. त्यामुळं शेवटचं लई लांब पडलंय. मधल्याचा जोर त्येच्यापतोर पोचंना. म्हणून ते चटक्यात निसटतंय... आणि म्हणून ते पेट घेतंय, आणि पयलं नुसतं पळतंय.” त्यांनी घाम पुसला. “कोण निसटतंय, कोण पेटतंय, मला काय म्हाईत न्हाई सर. ती सांगतीय ते सांगतोय.”

“तुम्हाला हे कुणी शिकवलं?” सरांनी विचारलं. मग माझ्याकडे बघितलं.

“मी त्यांच्याशी यावर एक अक्षर बोललेले नाही,” मी म्हटलं.

“मला कोण शिकवतंय? मी चौथी शिकलोय. तिनंच की. आत्ता, तुमच्याम्होरं.”

सर उठले. तक्त्यापाशी गेले आणि पोटॅशिअमच्या खालच्या घरावर बोट ठेवलं. रुबिडिअम. हे मी शिकवलं नव्हतं, आमच्या धड्यात नव्हतंच.

“विचारा तिला. याच्या खालचा हा. याचं काय होईल?”

बाळासोंनी विचारलं. गिरिजाने डोळे पुसले, तक्त्याजवळ गेली. पहिला रकाना वरून खाली बोटाने उतरत गेली. लिथिअम, सोडिअम, पोटॅशिअम, आणि तिथे थांबली. मग वळली.

“म्हणतीय, हितं मधी अजून गर्दी,” बाळासो म्हणाले. “ह्यो तर लई वंगाळ. पाण्याला टेकायची बी वाट बघायचा न्हाई.” त्यांनी तिचे हात पुन्हा बघितले. “बघितलेला न्हाई म्हणतीय. पण तसाच असणार म्हणतीय.”

सरांनी तक्त्यावरचं बोट काढलं नाही. आमच्याकडे पाठ करून ते उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी ओठांपुढे कागदाच्या पट्ट्या धरल्या होत्या. त्या वेळी त्यांना काय वाटलं असेल, मला सांगता येणार नाही.

“विज्ञान घेऊ दे,” शेवटी ते म्हणाले. “पण पेपराला वडील आत बसणार नाहीत. लिहायला शिकवा तिला. आणि वर्गात हात नाहीत.”

“मग मी शिकवू कशी, सर?”

“ते मला विचारू नका,” ते म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, “आणि सांगूही नका.”

पुढचं सांगून टाकते. गिरिजा दहावीला, मार्चच्या परीक्षेत, विज्ञानात नापास झाली. तिला सगळं येत होतं, आणि पेपरात वाक्यं तुटकच राहिली. तपासणाऱ्याने तरी काय करावं? त्या निकालाच्या दिवशी मी इतकी संतापले होते की घरी कुणाशी बोलले नाही. ऑक्टोबरमध्ये ती पुन्हा बसली आणि काठावर सुटली. कोर्स केला. कारखान्याच्या लॅबमध्ये लागायला तिला आणखी तीन वर्षं दारं झिजवावी लागली, कारण मुलाखतीला पहिला प्रश्न तोंडाने विचारायचे. आता ती तिथे रंगांच्या छटा जुळवते. मी ती शाळा नंतर सोडली. तोवर बंद दाराआड हातांनीच शिकवलं, वाईट खुणांनी, मुलं माझ्या चुका काढून हसायची.

पण त्या सोमवारचं राहिलं. सरांच्या खोलीतून बाहेर पडलो तेव्हा बाळासो फाटकापाशी थांबले आणि संकोचून म्हणाले, “बाई, एक इचारू? ते निसटतंय निसटतंय म्हणतीय, ते नेमकं काय असतंय?”

मी सुरुवात केली. “असं बघा, कुठल्याही पदार्थाचा अगदी लहानात लहान कण घेतला, अणू, तर त्याच्या मध्यभागी...” ते मान डोलवत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नव्हतं. माझ्या सातही विद्यार्थ्यांचे चेहरे असेच असायचे.

गिरिजाने त्यांची बाही ओढली. दोघं रस्त्याला लागले. ती चालता चालता उलटी फिरली, त्यांच्या पुढे मागे-मागे चालत हात हलवायला लागली. बाळासोंनी एकदा काहीतरी विचारलं. तिने दोन बोटांनी काहीतरी दाखवलं, अगदी छोटंसं. ते भर रस्त्यात उभे राहिले, कपाळावर हात मारला आणि खो खो हसले. मागून येणाऱ्या सायकलवाल्याने घंटी वाजवली, तिकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

मी फाटकापाशी उभी राहून डोळे ताणून बघत होते. तिने त्यांना इलेक्ट्रॉन कसा सांगितला, ते मला कळलं नाही.